पैलवानाचं उठणं

माणसाच्या हाताचा स्पर्श हे जगातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत निरुपद्रवी औषध आहे. निदान लोणावळ्यात मसाजच्या पाट्यांवर या अर्थाचं काहीतरी सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं, शेजारी एक कमळ आणि काळे गुळगुळीत दगड. जुनं म्हणायला माझी हरकत नाही. निरुपद्रवी म्हणणाऱ्यांना मात्र मी माझ्या वडिलांचा डावा खांदा दाखवला असता. दंडाचं हाड खांद्याला जिथे भिडतं तिथे खळगा पडला होता, आणि त्यात माझं बोट सहज मावायचं.

वडील टाकवे बुद्रुकचे. आयुष्यभर शेती केली, पण कुणी त्यांना शेतकरी म्हटलं नाही, ते पैलवान. वय झाल्यावर गाव त्यांना आबा म्हणू लागलं, आणि मीही. त्यांनी मारलेल्या कुस्त्यांची संख्या दर वर्षी थोडी वाढत असे, कारण पाहिलेली माणसं कमी होत होती आणि सांगणारी वाढत होती. गावच्या यात्रेत आखाड्यातली शेवटची, मानाची कुस्ती लावायचा मान त्यांचा होता. कुस्ती लावणं म्हणजे फेटा बांधून मधोमध उभं राहायचं, दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे आणि बाजूला व्हायचं. काम एवढंच. त्यासाठी आमच्याकडे पूर्वी भांडणं झालेली आहेत.

एका सकाळी तोंड धुताना त्यांच्या डाव्या हातातून तांब्या पडला आणि पाठोपाठ ते. तळेगावच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जीभ सुटली होती, डोकं ठिकाणावर होतं. डावा हात आणि डावा पाय मात्र कुणा दुसऱ्याचे असावेत तसे अंगाला लागून पडलेले. डॉक्टरांनी सांगितलं, घरी फिजिओथेरपी सुरू करा, पहिले काही महिने मोलाचे, तेवढ्यात मेंदू शिकला तर शिकला. आईने एकच प्रश्न विचारला.

"सोताच्या पायानं संडासला जातील का?"

"जाऊ शकतील. त्यांनी मेहनत घेतली तर."

आईचा चेहरा उजळला. मेहनत म्हटल्यावर तिला आबांच्या जोर-बैठका आठवल्या असणार.

प्रश्न साधा होता, पण सगळं त्यावर टांगलेलं होतं. घरात ती दोघंच. मी कुसगावला राहते, लोणावळ्याच्या कॉलेजात शिकवते. सुट्टीच्या दिवशी लोकलने कान्ह्याला उतरून रिक्षाने टाकव्याला जायची. आबांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं की त्या कामासाठी आईशिवाय कुणाचा हात लावून घेणार नाही. परकी बाई नको, बाप्या तर नकोच, आणि लेकीने विषयही काढायचा नाही. आई त्यांच्या निम्म्या वजनाची. तिच्या कमरेला आधीपासूनच पट्टा. म्हणजे दोनांपैकी एक गोष्ट आधी होणार होती: आबा स्वतः उठायला शिकणार, नाहीतर आईची कंबर जाणार. हे आई सोडून सगळ्यांना दिसत होतं, आणि आईला कदाचित सगळ्यांच्या आधी दिसलं होतं.

फिजिओथेरपिस्टच्या आधी वस्ताद आले. वस्ताद म्हणजे तालमीतले आबांचे जुने जोडीदार, स्वतःही सत्तरीच्या पुढचे, पण मनगटं अजून खुरप्याच्या मुठीसारखी. आमच्याकडे अर्धांगवायूला अंगावरून वारं जाणं म्हणतात, आणि वारं म्हटलं की त्यावर तेल हे सगळ्यांना न शिकवता कळतं. वस्तादांनी लसूण आणि ओवा टाकून कढवलेलं तिळाचं तेल आणलं होतं. आबांना उघडं करून त्यांनी पोटरीपासून मानेपर्यंत असं रगडलं की पलंग भिंतीवर आपटत होता.

"वारं कसं ऱ्हातंय बगतो," वस्ताद धापा टाकत म्हणाले. "आरं, तुजं आंग माज्या हाताखालचं हाय. मला वळकतंय."

"डाव्याला काय कळंना वस्ताद."

"आज न्हाई कळायचं. तेल मुरूंदे."

मालिश संपल्यावर आबा तासभर घोरत पडले. जागे झाल्यावर म्हणाले, आज बरं वाटतंय. मसाजकडून काय अपेक्षा ठेवावी असं कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन: बरं वाटतं. मलाही वाटलं असतं. कातडीला तेल मिळतं, झोप लागते, आणि ज्या माणसाला आता कुणी माणूस म्हणून हात लावत नाही त्याला कुणीतरी हात लावतं. हे कमी नाही. फक्त यात पडून राहणाऱ्याला काही करावं लागत नाही, आणि आबांना नेमकं काहीतरी करायला शिकायचं होतं.

फिजिओथेरपिस्ट तळेगावहून स्कूटरवर यायची. तरुण मुलगी, सॅकमध्ये एक पट्टा, एक चेंडू आणि पाण्याची बाटली. ती पहिल्यांदा आली तेव्हा ओसरीवर शेजारपाजारचे जमले होते. मशीन बघायला.

"मशीन न्हाई आनली?" एका काकांनी विचारलं.

"कसली मशीन?"

"करंट द्यायची. माज्या साडूला दिलता करंट. लय भारी मशीन व्हती."

"आबांना करंटची गरज नाही, काका. त्यांना उठून बसायची गरज आहे."

"उटून बसायला डाक्टर कशाला?" काका म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं. ओसरी रिकामी झाली.

तिने हात धुतले, खुर्ची ओढली आणि आबांना विचारलं, तुम्हाला काय करता यायला हवं? मला हे आवडलं. दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आबांनी छताकडे पाहिलं. आई दारातून म्हणाली, "संडासला जाता आलं पायजे, बाय. दुसरं काय न्हाई." आबांनी मान भिंतीकडे वळवली.

मग तिने त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीला टेकवले आणि उठायचं कसं ते दाखवलं. आपण खुर्चीतून उठताना काय करतो याचा मी पन्नाशीपर्यंत विचार केला नव्हता. आपण वाकतो. नाक गुडघ्यांच्या पुढे नेतो, वजन पावलांवर येतं, मग बूड सुटतं. सरळ ताठ बसून कुणालाही उठता येत नाही, वाचणाऱ्याने करून पाहावं.

"पुढे वाका, आबा. अजून. मी धरलंय. नाक पुढे आणा."

"हेवढं?"

"अजून पुढे. नमस्कार करतो तसं."

आबा थांबले. "आखाड्याच्या मातीला सोडून म्या कुनाफुडं वाकलो न्हाई."

"माझ्यापुढे नाही वाकायचं, आबा. जमिनीकडे वाकायचं."

"म्या असा उटत न्हाई."

त्या दिवशी त्यांना वाटलं असेल की ही पोर आपल्याला मान खाली घालायला लावते आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही सगळ्या कुस्त्या वाकूनच खेळलात की. ते म्हणाले, "ते खेळात." वस्तादांना विचारलं तर त्यांनी निकाल दिला की पैलवान छाती काढून उठतो, वाकून उठतो तो पडलेला.

तिचा तास संपला की आबा घामाने भिजलेले, चिडलेले, दुखरे. वस्तादांचा तास संपला की शांत, तुकतुकीत. रोगी माणसाला दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं तर तो काय निवडेल हे सांगायला शिक्षण लागत नाही. ती आली की आबांना हमखास झोप लागलेली असे. तीही काही देवदूत नव्हती. उशिरा यायची, मधेच फोन घ्यायची, आणि आबा झोपलेत म्हटल्यावर कधीकधी तिला बरंच वाटायचं, कारण पुढचा रोगी वराळ्याला असायचा.

याच काळात भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं की तो पडलेला दिसता कामा नये. आलेला माणूस म्हणणार, "आसूंद्या आसूंद्या, पडून ऱ्हावा," आणि घरचे म्हणणार, "न्हाई न्हाई, बसत्यात की." मग दोघेजण दोन बाजूंनी आबांच्या बगलेत हात घालायचे, एक जण डाव्या हाताला धरून ओढायचा, आणि त्यांना गोणीसारखं उचलून उशीला टेकवायचे. पाहुणा चहा घ्यायचा, पारव्याच्या रश्श्याने कुणाचं तरी वारं कसं उतरलं ते सांगायचा आणि जायचा. मग पुढचा. फिजिओथेरपिस्टने बजावून सांगितलं होतं की त्या हाताला ओढायचं नाही, खांद्याला धरून ठेवणारे स्नायू झोपलेत, हाड नुसतं लोंबतंय. ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या. पण हात हा धरण्यासाठीच असतो आणि प्रेमाने ओढलेल्या हाताला काही होत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. खांद्यात खळगा पडला तो या श्रद्धेने. पुढे तिथे कळ सुरू झाली. कळ आली म्हणून वस्तादांनी मालिश वाढवली.

आणि रोज सकाळी आई. ती त्यांचा उजवा हात स्वतःच्या मानेभोवती घ्यायची, कमरेला मिठी मारायची आणि "चला" म्हणून मागे झुकायची. आबा वाकत नसल्यामुळे सगळं वजन तिच्या पाठीवर. मी एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कमोडची खुर्ची घेऊन आले. मधे भोक, खाली भांडं, पलंगाला लावून ठेवायची.

"ही ऱ्हायची न्हाई हितं," आबा म्हणाले. "मानसं येत्यात."

"माणसांना काय करायचंय, आबा? आईकडे बघा जरा."

"तिला काय झालंय?"

आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मला काय न्हाई झालं." खुर्ची माडीवर गेली. त्यावर पापड वाळत घातलेले मी नंतर पाहिले.

माघ संपता संपता यात्रा कमिटीची माणसं आली. पांढरे कपडे, बसताच समोर मांडून ठेवलेले फोन. आबांना बगलेतून उचलून बसवण्यात आलं.

"आबा, यंदाची कुस्ती कुनी लावायची?" अध्यक्षांनी विचारलं.

आबांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला.

"तुमाला जमत नसंल तर..." असं म्हणून अध्यक्षांनी गावातल्या एका बंगलेवाल्याचं नाव घेतलं. त्या गृहस्थाने आयुष्यात एकच कुस्ती केली होती, ती सातबाऱ्यासाठी.

"म्या लावनार," आबा म्हणाले.

त्या दिवसापासून आबा बदलले. फिजिओथेरपिस्ट आली की जागे असायचे. तिला त्यांनी स्वतःहून सांगितलं, आता विचार काय करता यायला पायजे ते. उभं राहायचंय. ती खूश झाली. ध्येय रोग्याने स्वतः ठरवलं तर तो जोमाने कामाला लागतो, असं तिला शिकवलेलं होतं, आणि ते खरंही असेल. शिकवणाऱ्यांनी टाकव्याची यात्रा पाहिलेली नसावी, एवढंच.

आबा खरोखर उभे राहू लागले. पायाला टाचेचा पट्टा, उजव्या हातात चार पायांची काठी, डाव्या बाजूला ती. दात आवळून, मानेच्या शिरा फुगवून ते उभे राहायचे, आणि त्या क्षणी ते परत पैलवान दिसायचे. हे मला नाकारता येत नाही. शेजारी दारातून बघायचे. आईसुद्धा पदर तोंडाला लावून बघायची.

"पण उठायचा सराव राहतोय," फिजिओथेरपिस्ट मला बाहेर येऊन म्हणाली. "त्यांना उभं करतात दुसरेच. उभं राहणं वेगळं आणि उठणं वेगळं, ताई. संडासवरून उठायचं तर वाकावंच लागणार."

"त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, आखाड्यात उठवायला दोघे आहेत."

ते बरोबर होतं. आखाड्यात दोघे होते.

यात्रेच्या दिवशी आईने त्यांना पहाटेपासून तयार केलं. अंघोळ, दाढी, धोतर, नेहरू शर्ट, फेटा. बायकांनी आखाड्यावर जायची आमच्याकडे पद्धत नाही. मी औषधांची पिशवी घेऊन जीपमधून गेले, आणि आजाऱ्याची लेक म्हणून कुणी हरकत घेतली नाही. आई घरी राहिली. म्हणाली, जरा आडवी होते.

हलगी वाजत होती. आबांना खुर्चीसकट मधे नेलं, दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं आणि तसंच धरून ठेवलं. निवेदकाने माईक हातात घेतला. काळाला चितपट करणारा मावळचा ढाण्या वाघ वगैरे बराच वेळ चाललं. त्यात आमदार, माजी आमदार आणि मंडपवाल्याचा उल्लेख झाला. तेवढा सगळा वेळ आबा ताठ उभे होते. डावा हात धोतरावर लोंबत होता, गाल थरथरत होता, पण मान वर. मग त्यांनी उजव्या हाताने एका पैलवानाचं मनगट धरून दुसऱ्याच्या हातात दिलं. शिट्ट्या वाजल्या. वस्ताद लहान मुलासारखे रडत होते. कुस्ती पाऊण तास चालली आणि बरोबरीत सोडवली.

कमिटीच्या चौघा पोरांनी त्यांना घरी आणून पलंगाच्या कडेला बसवलं आणि चहाला म्हणून अंगणात जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात आधण ठेवलं. पुढचं मला आईने नंतर सांगितलं. आबांना घाई झाली होती. सकाळपासून धरून ठेवलेलं. आई म्हणाली, भाईर पोरं हायत, बोलावते. आबा म्हणाले, "गप. फेटा हाय माज्या डोक्यावर. त्यांच्यासमोर संडासला नेतीस?" मग तिने त्यांचा हात मानेभोवती घेतला.

मला कसलाही आवाज आला नाही. आईची हाक आली, नेहमीच्या आवाजात. "गॅस बारीक कर आनि हिकडं ये."

संडासच्या दाराशी आबा भिंतीला टेकून बसले होते, फेटा जागच्या जागी. धोतर भिजलेलं. आई कुशीवर पडली होती आणि हलत नव्हती. मी बाहेरच्यांना बोलावलं. चौघे धावत आले, बगलेत हात घालून आबांना उचललं आणि पलंगावर नेलं. परत आले आणि आईपाशी नुसतेच उभे राहिले. बाईमाणसाला कुठे धरून उचलायचं हे त्यांना कळेना. त्यातल्या एकाने तिच्या अंगावर सतरंजी घातली.

मणका दबला होता. आई काही आठवडे पडून राहिली. मग तिच्यासाठी तीच फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. कुशीवर वळायचं, कोपरावर भार द्यायचा, पाय खाली सोडायचे, पुढे वाकायचं. आईला काहीही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आयुष्यभर ती वाकूनच उठत आली होती. ती आता काठी घेऊन चुलीपर्यंत जाते. तांब्या उचलायची मात्र तिला बंदी आहे. आबा समोरच्या पलंगावरून तिचा व्यायाम पाहत असत. एकदा फिजिओथेरपिस्टने त्यांना विचारलं, आबा, तुम्ही पण करता का? ते म्हणाले, "तिचं हूंदे." नंतरही तिने दोन-चारदा विचारलं, आणि मग ती त्यांच्या दुखऱ्या हाताखाली उशी नीट करण्यापुरतीच थांबू लागली. मोलाचे म्हणून सांगितलेले महिने तोवर संपले होते.

परक्या बाप्याचा हात लावून घ्यायला आबा तयार झाले. दुसरा पर्याय नव्हता. वडगावचा एक माणूस सकाळ-संध्याकाळ येतो, त्यांना पुसतो, कूस बदलतो, काही न बोलता जातो. वस्ताद अजून येतात, पण हल्ली फक्त पाय चोळतात आणि बसून राहतात.

यात्रा कमिटीने सभा घेऊन ठरवलं की मानाची कुस्ती लावायचा मान आबांचाच, ते असेपर्यंत. हे सांगायला मंडळी घरी आली, शाल घातली, नारळ दिला. अध्यक्ष म्हणाले की आबांसारखा पैलवान मावळात पुन्हा होणे नाही. देहयष्टीबद्दल त्यांचं म्हणणं खोटं नाही. आबांच्या कमरेला होईल एवढ्या मापाचे डायपर वडगावात मिळत नाहीत. ते तळेगावहून आणावे लागतात.